लाँच पुढे गेली

इद्रीस मुकादमाचं काम बघत उभं राहिलं की बघणाऱ्याचा जीव कंटाळून जाई, आणि काम संपलं की त्यात खोट काढायला जागा सापडत नसे.

मालवणच्या एस.टी. वर्कशॉपात त्याने उभा जन्म इंजिनं खोलली आणि बसवली. सिलिंडर हेडचे बोल्ट तो समोरासमोर आवळायचा. एक इकडचा, मग त्याच्या अगदी समोरचा. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसरीत अर्धे, तिसरीत पक्के. कोणी ओळीने आवळत गेला तर इद्रीस त्याच्या हातातला पाना काढून घेई. बोलत नसे. पाना काढून घेणं हेच त्याचं बोलणं.

निवृत्त झाल्यावर मुलगा हमझा मस्कतला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरात पडून राहिला. एका पावसाळ्यात तो बंद पडला. बाजारातला दुकानदार म्हणाला, फेकून द्या. इद्रीसने तो घरी आणला आणि झाकण काढलं. आत समुद्र शिरला होता. पाणी नव्हे, खारी हवा. जिथे जिथे तांबं उघडं होतं तिथे हिरवट थर धरला होता. त्याने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबराने घासले, बाकीचं रंगाच्या जुन्या ब्रशाने झाडलं, सगळं जसंच्या तसं बसवलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला.

"मेलेला उठवलात," त्याची बायको हमिदा म्हणाली. "आता मिक्सर बगा."

मिक्सर त्याने बघितला, पण मन कॉम्प्युटरवर बसलं ते बसलंच. पडवीत टेबल आलं. समुद्राकडची खिडकी कायमची बंद झाली. वर्षाला चार-सहा मशिनं तो जोडून देऊ लागला. एखाद्या हॉटेलाला, एखाद्या फोटो स्टुडिओला. पाटी लावली नाही. ज्याला घाई असेल त्याने कणकवलीला जावं, असं तो सांगे.

आणि उरलेल्या वेळात तो वाट पाही.

कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दर वर्षा-दोन वर्षांनी नवा प्रोसेसर काढतात. तो ज्या खोबणीत बसतो ती खोबण मदरबोर्डावर असते. कधी जुन्याच खोबणीत नवा प्रोसेसर बसतो, कधी खोबणच बदलते आणि सगळा बोर्ड नवा घ्यावा लागतो. इद्रीसने दोन कंपन्यांना आपणच टोपणनावं दिली होती. एक थोरली, एक धाकटी. थोरली खोबण बदलायला मागेपुढे बघत नाही. धाकटी एक खोबण बरीच वर्षं चालवते. कोणाचं काय येणार, कधी येणार, किती कोरचं येणार, ह्याच्या बातम्या तो मोबाईलवर रोज वाचायचा. इंग्रजी हळू वाचायचा, पण शेवटपर्यंत वाचायचा.

"आमच्या लग्नाक इतकी वाट बगलात नाय," हमिदा म्हणे.

"तुझी तारीख ठरलेली होती."

त्या वर्षी थोरलीची नवी खोबण येणार होती. नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, सगळंच कोरं. आणि त्याच वर्षी, मे महिन्याच्या शेवटी, रिया त्याच्याकडे आली.

रिया काशीराम तांडेलाची मुलगी. काशीराम इद्रीसचा जुना दोस्त. दांडीच्या किनाऱ्यावर घर, जन्म समुद्रात गेलेला. पाच वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि होडी विकावी लागली. बायको गोदूबाई बाजारात मासे विकते. रिया स्कुबावाल्यांच्या बोटीवर पाण्याखालचं शूटिंग करायची. पर्यटक मासे बघून वर आले की त्यांना गाणं लावून, कापून, जोडून व्हिडिओ द्यायचा. तिचा जुना कॉम्प्युटर त्या कामाला धापा टाकायचा. व्हिडिओ तयार होईपर्यंत पर्यटक गाडीत बसून निघून गेलेले असत.

"इद्रीसकाका, पाऊस सरलो की माका चांगला मशीन व्हया. ह्या सिझनाक तरी."

"करून देतंय. पण आता घेव नको. ऑगस्टात लाँच आसा. लाँच होवंदे, मग घेवया."

रिया बरं म्हणून घरी गेली. रात्री जेवताना आईला म्हणाली, "इद्रीसकाका म्हणतत, लाँच येईपर्यंत थांबूया. मग घेवया."

काशीराम समोर जेवत होता. त्याने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. दांडीवर लाँच म्हणजे एकच वस्तू. ती पाण्यात चालते.

*

जुलैत इद्रीस दांडीवर गेला. मासेमारी बंद होती, होड्या माडाच्या झावळ्यांच्या झापांखाली वर ओढलेल्या होत्या. काशीराम पडवीत मांडी घालून बसला होता. गुडघे दुखत असताना मांडी घालून. पुढ्यात नव्या दोराचं भेंडोळं. दोराच्या टोकाचा पीळ उकलून, तो एकेक पदर टोकदार लाकडी खुंटीने वाट करून परत दोरातच विणत होता. नांगर बांधायचा फास अशाने होतो. गाठ मारली तर गाठीवर दोर तुटतो. विणला तर तुटत नाही, पण विणायला हातांची सालटी निघतात.

"कोणाचो रे दोर?"

"बस. चाय येता." काशीरामने मान वर केली नाही. "तुझ्या लाँचीचा काय झाला?"

इद्रीसला बरं वाटलं. हमिदा सोडली तर ह्या विषयात त्याला कोणी काही विचारत नसे, आणि हमिदा विचारायची ती टोमण्यापुरतं.

"येतली. ऑगस्टात म्हणतत. काल एक लीक इली."

काशीरामचा हात थांबला. "लीक?"

"होय. बरीच मोठी."

"अजून पाण्यात नाय ती, आणि लीक?"

"अरे, हल्ली लाँचीच्या आदी लीक होताच. लोक वाट बगतत लीकची. एकदा लीक झाली की समाजता आत काय आसा ता."

"आत काय आसतला? पाणी!" काशीरामने खुंटी खाली ठेवली. "इद्रीस, तू इंजिनवालो. इंजिन तू बग, मी तोंड उघडूचंय नाय. पण लाकडातला तुका काय कळता? लीक होणारी लाँच फुकट दिली तरी घेव नको. खंयच्या सुतारान बांधल्यान ती?"

इद्रीसने त्याच्याकडे पाहिलं. मग दोराकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"हो दोर..." तो म्हणाला.

"मग कोणाक? लाँच येतली ती नांगराशिवाय? तू आणि रिया घेतलास इंजिन, रंग, काय ता. दोर माझे. बाजारचो दोर मी माझ्या चेडवाच्या लाँचीक लावूचंय नाय." तो भिंतीला धरून उठला. "थांब. दुसरो दाखयतंय. धक्क्याक बांधूचो."

तो आत गेला. इद्रीसने तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. तेवढ्यात गोदूबाई चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवताना आवाज खाली करून म्हणाली,

"भावोजी, बरा केलात तुमी. पाच वर्सा हो माणूस भिंतीक पाठ लावन बसलेलो. आता माज्या आदी उठता. काल तर आपणहून हसलो."

काशीराम दुसरा दोर घेऊन आला. इद्रीसने तो हातात घेतला. विणीत एकही पदर सैल नव्हता. टोकं आत अशी जिरवली होती की बोट फिरवून कळू नये.

"बरो झालोहा," इद्रीस म्हणाला. हे तरी खरं होतं.

*

"फाल्या जाऊन सांगून मोकळे जावा," हमिदा म्हणाली.

"सांगतंय."

"कधी?"

"वायंच थांब."

हमिदाने पोळी तव्यावर आपटली. "तुमचा ह्या एक वायंच. जरा जरा म्हणान जगाक थांबयतास. त्या बिचाऱ्याक तरी थांबव नका. सांगण्याक कसली लाँच लागता?"

पण दुसऱ्या दिवशी तो गेला आणि काशीराम सकाळपासून बसलेला दिसला. तिसऱ्या दिवशीही. इद्रीस चहा पिई, दोर बघे आणि परत येई. सांगायचं म्हणून रोज जाई आणि न सांगता रोज येई. मध्येच थोरलीच्या नव्या मालाची तारीख बदलली. म्हणजे कंपनीने तारीख कधी दिलीच नव्हती. तारीख बातम्या देणाऱ्यांची होती, त्यांनीच ती मागे घेतली.

"लाँच पुढे गेली," इद्रीस म्हणाला.

"जातलीच." काशीरामला त्यात नवल वाटलं नाही. "माझी होडी सुतारान दिवाळीक देतंय म्हणान शिमग्याक दिल्यान. इंजिन कसला म्हणालंस?"

"चोवीस कोर."

"म्हणजे?"

"म्हणजे... काम करणारे चोवीस. थोडे दांडगे, बाकीचे बारके. जड काम दांडगे ओढतत, हलका काम बारक्यांकडे."

"खलाशांसारखे."

"तसाच."

"चोवीस खलाशी!" काशीराम खूश झाला. "मग बरीच मोठी आसा."

इद्रीस घरी आला तो जेवला नाही. त्याने खोटं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं आणि खरं एकही पोचलं नव्हतं. वर्कशॉपात असं काम केलेल्या माणसाला त्याने दारातून आत घेतलं नसतं.

बातमी दांडीवरून बाजारात आली. मासळीच्या ओळीत हमिदाला बायका म्हणाल्या, "वयनी, लाँच घेतास, आमका पेढो नाय तो नाय, सांगूक पण नाय?" हमिदा सुरमई न घेताच परतली. मग रिया आली. आधी हसत आली.

"काका, बाबा माका विचारतत, लाँचीचा नाव काय ठेवचा?" मग तिचं हसू उतरलं. "ते नारळी पुनवेक धक्क्यार नारळ घेऊन जातले म्हणतत. लाँच इली नाय तरी तिच्या नावान. सगळ्यांका सांगल्यानी हत. मी सांगू त्यांका?"

"नको," इद्रीस म्हणाला. "शब्द माझो होतो. मीच सांगतंय."

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. सगळ्या बंदरासमोर काशीराम नसलेल्या बोटीचा नारळ घेऊन उभा राहणार. पाच वर्षांनी भिंत सोडून उठलेला माणूस हशाखाली परत भिंतीला जाणार. एवढं टाळायला एक वाक्य लागत होतं.

*

त्याने एक जुना मदरबोर्ड कापडी पिशवीत घातला आणि दांडीवर गेला. काशीराम तिसऱ्या दोराला लागला होता. इद्रीसने बोर्ड काढून त्याच्यासमोर ठेवला.

"काशी, माझी लाँच म्हणजे ही."

काशीरामने बोर्डाकडे पाहिलं. "ह्या काय?"

"कॉम्प्युटरचो भाग. कंपनी नवीन माल बाजारात काढता तेका लाँच म्हणतत. रियाक कॉम्प्युटर करून देवचो आसा. नवीन येतलो म्हणान थांबलेलो. बोट नाय रे. बोट कधीच नव्हती."

काशीरामने बोर्ड उचलून उलटा केला आणि परत खाली ठेवला. पलीकडे कोणाच्या तरी झापावर पाऊस वाजत होता.

"लीक?"

"आतली बातमी फुटता ती."

"चोवीस खलाशी?"

"ते पण आतच."

काशीरामला हसू आलं असं क्षणभर वाटलं. ते आलं नाही.

"तुका कधी कळला, मी बोट समाजलंय ता?"

"लीकचा सांगलंय त्या दिवशी."

"तेवापासून." काशीरामने हात पुढे केले. तळवे सोलवटलेले, बोटांच्या पेरांवर चिरा. "बोट नाय ता ऱ्हवांदे. कान माझे, चूक माझी. पण मी हंय बसान दोर वळतंय आणि तू समोर बसान चाय पितंस? एक दिस न्हय, रोज? तुझ्या वर्कशॉपात कोण उलटे बोल्ट आवळी तर तू बगत बसलो असतंस?"

"पानो काढून घेतलो असतंय."

"मग?"

गोदूबाईचं बोलणं इद्रीसला आठवलं, पण ते पुढे करणं त्याला पटलं नाही. न बोलणारा तो होता, गोदूबाई नव्हे.

"बोर्ड उचल," काशीराम म्हणाला. "आणि जा घरी."

त्या दिवसापासून इद्रीसने मोबाईलवरच्या बातम्या उघडल्या नाहीत. तो मिक्सर खोलून बसे. हमिदाने दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मिक्सर त्याच्या हातातून काढून घेतला. "चालता तो," ती म्हणाली. "जावा, धक्क्यार फिरून येवा."

*

नारळी पौर्णिमेला धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला नारळ लढवण्याचा खेळ चालला होता. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. बायका नटून आल्या होत्या. पाऊस थांबला होता, समुद्र अजून मातकट होता.

इद्रीस कडेला उभा राहिला. काशीराम येणार नाही असं त्याला वाटत होतं. पण तो आला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात नारळ. गुडघ्यांमुळे हळू चालत, गर्दीच्या मधून.

बाळा स्कुबावाल्याने त्याला पाहिलं. रिया ह्याच्याच बोटीवर शूटिंग करायची. बाळा तोंडाचा फटकळ.

"काय तांडेल! लाँच खंय? येता येता बुडाली की काय?"

आजूबाजूचे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "लीक झालीसा म्हणतत!" त्यावर जास्त हसले. इद्रीसला ते शब्द पाठीत बसल्यासारखे लागले. तो गर्दीतून वाट काढत पुढे झाला. सगळ्यांसमोर सांगायचं त्याने ठरवलं. गाढव मी, काशीराम नव्हे.

पण काशीरामने त्याच्या आधी तोंड उघडलं.

"लाँच पुढे गेली," तो शांतपणे म्हणाला.

"कधीक?"

"कंपनी सांगात तेवा. तुका कसली घाई? तुका तिच्यार कोण घेवचो नाय."

आता लोक बाळाला हसले. "पण कोणाची ती लाँच, तांडेल?" एकाने विचारलं.

"आमची. माझी आणि इद्रीसची." आणि काशीराम धक्क्याच्या टोकाला गेला, वाकला आणि नारळ पाण्यात सोडला. परत येताना इद्रीससमोर थांबला. तोंडाकडे न बघता म्हणाला, "हमिदा वयनी घरी आसत? चाय पिऊया. आणि ती तुझी लाँच दाखव. जिच्या नावान नारळ सोडलंय ती बगूक तरी व्हयी."

*

पडवीतल्या टेबलावर इद्रीसने तोच बोर्ड ठेवला. काशीरामने चष्मा लावला. हमिदाने चहाबरोबर नारळाचा गोड रस आणि खापरोळी आणून ठेवली. ती सणालाच होते आणि सण तिचा नव्हता, पण तिने केली होती.

"इंजिन खंय बसता?"

"ह्या खोबणीत."

"आणि नवीन इला की ह्येच्यातच बसात?"

"नाय. थोरली खोबण बदलतली. म्हणान तर थांबलंय. नवीन बोर्ड, नवीन प्रोसेसर, सगळा एकदम."

"आणि त्येच्या फुडचा?"

"ता आज कोण सांगतलो?"

काशीरामने खापरोळीचा तुकडा रसात बुडवला. "माझ्या होडयेत इंजिनाखाली बेड होतो. लाकडाचो, बोटीच्या हाडाक बोल्ट मारलेलो. इंजिन मेला, नवीन इला, बेड तोच. सुताराक मी पयल्यांदाच सांगलेलंय, इंजिन येतली जातली, बेड असो घाल की माका परत उपटूक लागता नये. बेड उपटूचो म्हणजे बोट उपटूची." त्याने बोर्डावर बोट ठेवलं. "हो तुझो बेड. असो बेड कोणच देणा नाय?"

"धाकटी देता. तिचो आजचो बोर्ड घेतलो तर तिचा फुडचा प्रोसेसर त्येच्यारच बसतला असा ती म्हणता."

"मग तो कित्याक घेनंस नाय? आज जा बसात ता इंजिन बसव. चेडवाचा काम सुरू होवंदे. फुडचा इला की बदल."

इद्रीसने बोर्ड आपल्याकडे ओढला. हे त्याला मे महिन्यापासून ठाऊक होतं. रियाने विचारलं त्या दिवशीही ठाऊक होतं. पण नवी खोबण, नवा बोर्ड, मालवणात कोणी पाहिलेला नाही असा, तो आपल्या हाताने उघडायचा होता. हौस त्याची होती. नाव रियाचं लावलं होतं.

"माका नवीन बगूचा होता रे," तो म्हणाला.

"मग बग की! कोण नको म्हणता? पण तुझ्या वाट बगण्याक चेडवाचो सिझन बांधू नको."

हमिदा दारात उभी होती. "ह्या मी इतकी वर्सा सांगतंय," ती म्हणाली. "पण मी तांडेल नाय."

*

माल कुरिअरने आला. रिया तो हातावर झेलत घेऊन आली, मागून काशीराम, त्याच्या मागून गोदूबाई. गोदूबाईच्या हातात हळदकुंकू, फुलं आणि नारळ.

"वयनी, कुंकू खोक्याक लावा," इद्रीस म्हणाला. "आतल्या कशाक लावू नकात. आणि नारळ भायर फोडा. पाणी उडाला तर परत मेलेला उठवचा लागात."

"तुमची लाँच आणि पाण्याक भिता?" गोदूबाई म्हणाली, आणि नारळ अंगणात फोडून आली.

इद्रीसने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक त्रिकोण खोबणीच्या त्रिकोणाशी जुळवला आणि तो दाबला नाही, नुसता सोडला. आपल्या वजनाने तो खाली बसला. मग त्याला धरून ठेवणारी कडी लावली. वर भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट. मग पंख्याचे स्क्रू. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा. टेकवले, अर्धे आवळले, पक्के केले.

काशीराम बॅटरीचा उजेड धरून उभा होता. "आडवे आवळतंस," तो म्हणाला.

"ओळीन आवळले तर एका बाजूक कलता."

"तेवढा माका कळता."

रियाने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. गोदूबाईने हात जोडले. इद्रीस मागे वाकून वायर नीट बांधत राहिला, कारण लोंबती वायर त्याला बघवत नाही.

गणपती झाले, पाणी निवळलं, पर्यटक आले. रियाचे व्हिडिओ आता माणसं केस पुसत असतानाच तयार होतात. दोर फुकट गेले नाहीत. बाळाने आपल्या बोटीसाठी मागितले. काशीरामने आधी त्याला धक्क्यावरच्या बोलण्याची आठवण करून दिली, सावकाश, गिऱ्हाइकांच्या देखत, मग दिले. एकदा वापरल्यावर बाळा आणखी मागायला आला. "मी काय कारखानो?" काशीराम म्हणाला, आणि भेंडोळं पुढ्यात ओढलं. तो अजून गोदूबाईच्या आधी उठतो.

संध्याकाळी दोघे धक्क्याजवळच्या बाकावर बसतात. इद्रीस मोबाईल वाचतो. काशीराम समुद्र बघतो.

"लीक इली?" मध्येच तो विचारतो.

"इली. बारकी."

"थोरलीची की आमची?" धाकटी आता त्याची झाली आहे. रियाच्या बेडावर तिचं पुढचं इंजिन बसायचं आहे, त्यामुळे त्याला तिची काळजी लागते.

"आमची. पुढच्या वर्साक म्हणतत."

परवा पुण्याचं एक कुटुंब त्यांच्यासमोर येऊन थांबलं. टोप्या, पिशव्या, कडेवर झोपलेलं पोर. पोराचा बाप समुद्रातल्या किल्ल्याकडे हात करून म्हणाला, "काका, लाँच कधी आहे?"

इद्रीसने मान वर केली. काशीरामने त्याला बोलू दिलं नाही.

"पुढच्या वर्षी," तो पाहुण्यांसाठी राखलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला. मग राहवलं नाही. "वायंच थांबा."